सर्व माल जुना व उत्तम प्रतीचा असावा

केजला खताच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. घरांचे नकाशे काढणं, अंदाजपत्रकं करणं आणि मालक व गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार यांच्यातला करार लिहून देणं हा माझा धंदा. नकाशा लोक कौतुकाने बघतात. अंदाजपत्रक बघून पाणी मागतात. करार मात्र कोणी बघत नाही. ‘सही कुठं करू?’ एवढंच विचारतात, आणि करार पिशवीत घालून घरी नेतात. एका मालकाने तो कपाटात साडीखाली अंथरलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. इतकी वर्षं मी लिहिते आहे आणि मला एकही वाचक नाही, हे दुःख कवींनाच कळेल.

त्या करारांच्या पहिल्या पानावर एक वाक्य कायम असतं: ‘सर्व माल नवा व उत्तम प्रतीचा असावा.’ ते माझं नाही. माझ्या आधीच्यांनी लिहिलं, त्यांच्या आधीच्यांनी लिहिलं, बहुधा निजामाच्या एखाद्या कारकुनाने पहिल्यांदा लिहिलं असेल. कामाच्या आरंभी गणपतीला हात जोडावेत तसं मी ते वाक्य टाकायचे आणि पुढे जायचे. ते मी आयुष्यात एकदाच खोडलं. खोडायला लावलं आमच्या बाईंनी.

बाई म्हणजे मला सातवीत गणित शिकवणाऱ्या बाई. निवृत्त झाल्यावर नांदूरघाटच्या रस्त्यावरच्या एका गावात, सासरच्या घरी राहत होत्या. त्यांची पुढची खोली सकाळपासून पोरींनी भरलेली असायची. कोणी तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करायची, कोणी पोलीस भरतीची, कोणी नर्सिंगची. तालुक्याच्या अभ्यासिकेत पोरगी पाठवायला त्या गावातले बाप तयार नव्हते. बाईंच्या नजरेखाली मात्र खुशाल सोडायचे. त्या नजरेखालून मी स्वतः गेले आहे, त्यामुळे बापांचा विश्वास मला समजतो.

तर एक दिवस बाई माझ्या ऑफिसात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, घर विकलं.”

“कोणी?”

“पोराने. चांगलं गिऱ्हाईक मिळालं म्हणे. दिवाळी झाली की ते ताबा घेणार आणि मी पुण्याला. माझं काही नाही. मी तिथल्या गॅलरीत बसून कबुतरं हाकलीन. पोरींनी कुठे बसायचं?”

मी काहीतरी धीर देणारं बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर केला. शाळेतही त्या असंच करायच्या.

“ग्रामपंचायत जागा देते आहे. छप्पर आणि दारं-खिडक्यांपुरता निधी आहे. भिंतींना नाही.”

“बाई, भिंतींशिवाय छप्पर म्हणजे लग्नाचा मांडव झाला.”

“भिंती गावात पडून आहेत. चल, दाखवते.”

खरंच पडून होत्या. त्या भागातली जुनी घरं माळवदाची. दगडी भिंती इतक्या जाड की कोनाड्यात मांजर आडवं झोपावं, वर सागवानी लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर. ती आता एकामागून एक उतरवली गेली आहेत. त्यांच्या जागी स्लॅबचे बंगले झाले, गॅलरीला स्टीलचे कठडे लागले. उतरवलेला घडीव काळा दगड मात्र दारासमोर ढीग होऊन बसला आहे. वर शेळ्या, आत विंचू. इतका सुंदर दगड! मी एका ढिगावर हात फिरवत राहिले. बाई म्हणाल्या, “कौतुक नंतर कर. याची भिंत होईल का सांग.”

“होईल की. उलट नव्या विटेपेक्षा चांगली होईल.”

“मग करार लिही.”

पण करार लिहिण्याआधी दगड मागायचे होते. त्यासाठी गावाची बैठक झाली मारुतीच्या पारावर. तिथे दोन माणसांचं म्हणणं म्हणजे गावाचं म्हणणं. एक तात्या. उसाचे मोठे बागायतदार, एके काळचे सरपंच. आवाज असा की माईक लावला तर माईकचा अपमान. दुसरे अप्पा. पेठेतलं किराणा-कापडाचं दुकान त्यांचं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं इतकं हळू की ऐकायला माणूस वाकतो आणि वाकला की फसतो. गावातले सगळ्यात मोठे ढीगही या दोघांचेच.

आता आमच्याकडची दानाची एक रीत सांगते. देवाला पंखा दिला तर त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव घालतात: एका पात्यावर देणाऱ्याचं, दुसऱ्यावर वडिलांचं, तिसऱ्यावर गावाचं. पंखा फिरायला लागला की काही वाचता येत नाही. म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून घाम पुसत बसणारे पुजारी मी पाहिले आहेत.

तात्या म्हणाले, “बाई, दगड न्या. ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं. पण एक सांगतो. आमच्या बापजाद्याचा दगड हाय तो. पायात गाडायचा न्हाई. दिसला पायजे.”

अप्पा खाली बघत पुटपुटले, “अन् मागच्या अंगालाबी नको. मागं उकिरडा हाय.”

झालं. मग सगळ्यांनाच कंठ फुटला. कोणाचाही दगड पायात नको, कोणाचाही मागे नको, कोणाचाही पायरीला नको कारण लोक पाय देतील. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि नाटकातल्या राणीसारखा हात उंचावून जाहीर केलं, “गावाने दिलेला प्रत्येक दगड दर्शनी बाजूला लागेल. करारात लिहून देते.”

टाळ्या पडल्या. मला टाळ्या आवडतात. घरी जाताना स्कूटीवर लक्षात आलं की भिंती चार आणि दर्शनी बाजू एक.

पण अडचण आली की मला तरतरी येते. रात्रीच्या जेवणाआधी नकाशा बदलला होता. पूर्वेला रस्ता, तिकडे दार. पश्चिमेला शाळेचं मैदान, तिकडेही दार. दक्षिणेला मारुती, तिकडे ओटा. राहिली उत्तर, जिथे उकिरडा. मी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं की उत्तरेच्या भिंतीत तुमचे दगड येतील असं दिसतंय. मग अप्पांच्या दुकानात चहा घेताना तेच अप्पांना सांगितलं, अप्पांचे दगड म्हणून. तात्यांनी जेसीबी पाठवला, अप्पांनी माणसं पाठवली. जेसीबी आणि माणसं समोरासमोर आली आणि एकमेकांकडे संशयाने बघत दोघांनी मिळून उकिरडा हलवला. तिथे आता चाफा आहे. अशा रीतीने चारही बाजूंनी पुढा असलेली आणि पाठच नसलेली बीड जिल्ह्यातली पहिली इमारत कागदावर तयार झाली.

गुत्तेदार ठरला घाटनांदूरचा; नांदूरघाट वेगळं, हे वेगळं. पांढरे कपडे, पांढरे बूट, गॉगल, आणि अत्तर असं की तो यायच्या आधी येतं. मी मनात म्हटलं, हा काय काम करणार. त्याने करार हातात घेतला आणि सही कुठे करायची ते विचारलंच नाही. गॉगल काढला, चष्मा लावला आणि वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून! मला घाम फुटला.

“म्याडम,” तो म्हणाला, “पयल्या पानावर तुमी म्हणता, सगळा माल नवा पायजे. चौथ्या पानावर म्हणता, भिंत जुन्या दगडाची. मी नेमकं काय करू? दगडाचं बारसं घालू का?”

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला वाचत होतं. मी पेन काढलं, निजामाच्या कारकुनाला मनात नमस्कार केला आणि ते वाक्य खोडलं. वर लिहिलं: ‘सर्व माल जुना व उत्तम प्रतीचा असावा. जुना न मिळेल तेवढाच नवा आणावा.’

“आता कसं!” तो म्हणाला आणि पुढे वाचू लागला. “बरं, हा ढीग कुणाचा? आणताना दगड फुटला तर कुणाच्या बोकांडी? अन् दगड कमी पडले तर?”

जुन्या मालाच्या करारात भांडणं होतात ती नेमकी इथेच. नव्या विटेचं सोपं असतं, ट्रक येतो, मोजून घ्यायचा. जुना दगड कोणाचा, तो चांगला की वाईट हे कोणी ठरवायचं, हे आधी लिहिलं नाही तर भिंतीऐवजी कोर्ट उभं राहतं. आम्ही दोघं दुपारभर बसलो. दगड जागेवर उतरला की गावाचा, तोवर देणाऱ्याचा. फुटका दगड टाकायचा नाही, भिंतीच्या पोटात भरायचा. कमरेइतकी एक नमुन्याची भिंत आधी बांधून दाखवायची, ती मी पसंत केली की बाकीच्या सगळ्या तशाच. आणि धुण्याचं कलम. जुन्या दगडावर माती, चुना, गिलावा असतो, त्यावर सिमेंट धरत नाही. म्हणून मी लिहिलं: ‘प्रत्येक दगडावरील माती, चुना, गिलावा व रंग तारेच्या ब्रशने पूर्णपणे काढून, धुऊनच तो वापरावा.’ फार छान जमलं होतं ते कलम. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, त्याने मान डोलावली.

“राहिला पाया,” तो म्हणाला. “पायात कुणाचा बाप घालायचा?”

गावात जुन्या ग्रामपंचायत कार्यालयाचा उतरवलेला स्लॅब पडला होता. मी त्याकडे बोट दाखवलं.

“हां!” गुत्तेदाराचा चेहरा उजळला. “सरकारी मलबा. त्याला वारस न्हाई.”

तो फोडून त्याची खडी केली, नमुने करून पॉलिटेक्निकला तपासायला दिले. निकाल इतका चांगला आला की मी दोनदा वाचला. कार्यालय उभं होतं तेव्हा त्याने एवढा भार कधी उचलल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. पाया त्या खडीचा झाला आणि कोणीही तक्रार केली नाही.

मग दगड आले. तात्यांच्या ट्रॉलीतून पहिली खेप उतरली आणि मी डोक्याला हात लावला. प्रत्येक दगडावर ऑइल पेंटने नाव! तात्यांचं लाल, पुढे ‘माजी सरपंच’ हे शब्द. अप्पांचं पांढरं, वर भस्माचे तीन पट्टे काढलेले. बाकीच्यांनीही रंग आणले होते. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी आजोबांच्या, एकाने तर हयात सासऱ्याच्या स्मरणार्थ लिहिलं होतं आणि सासरा जवळ उभा राहून अक्षर नीट आलंय का ते बघत होता. एकाचं नाव दगडापेक्षा मोठं झालं होतं, म्हणून आडनाव पुढच्या दगडावर. ‘हे दोन शेजारी शेजारी बसवा,’ त्याने गुत्तेदाराला बजावलं.

बाई म्हणाल्या, “लिहू दे गं. भिंत होऊ दे.”

मी दुसऱ्या एका कामासाठी अंबाजोगाईला गेले होते ते आठवड्याने परत आले. येऊन बघते तर जागेवर नुसता काळा झळाळ. दगड घासूनपुसून, धुऊन, एकाच मोठ्या ढिगात रचलेले. एकावरही नाव नाही. शेजारी बायका तारेचे ब्रश झटकत बसलेल्या, आणि मधोमध गुत्तेदार पांढऱ्या कपड्यांत उभा, हातात माझा करार. तो रोज सकाळी कामावरच्या लोकांना त्यातलं एकेक कलम पोथीसारखं वाचून दाखवायचा, हे मला तेव्हा कळलं.

“अहो, हे काय केलंत?”

“धुण्याचं कलम, म्याडम. ‘रंग पूर्णपणे काढून.’ मी बायांना म्हटलं, ‘पूर्णपणे’ म्हंजे पूर्णपणे.”

“अहो, ती नावं होती!”

“नावं कशानं लिवलेली? रंगानंच ना? ‘नावं सोडून’ असं करारात कुठं हाय, दाखवा. मी तुमच्या पायावर डोकं ठेवतो.”

मी शोधलं. नव्हतं. पहिला वाचक मिळाला होता आणि काय वाचक मिळाला होता! मला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर हसूच जास्त येत होतं. तोंडावर पदर धरून मी वळले, तर रस्त्याने तात्या येत होते. मागे रिकामी ट्रॉली, तिच्यामागे अप्पा, आणि अप्पांच्या मागे गाव.

हसू विरलं. कारण मागे बाईही येत होत्या, आणि त्यांचा चेहरा मी पूर्वी एकदाच असा पाहिला होता, आमच्या वर्गाचा निकाल लागला होता त्या दिवशी. दसरा तोंडावर आला होता. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या लागतात आणि कामाला माणूस मिळत नाही. आज दगड परत गेले असते तर दिवाळीपर्यंत भिंत नाही, दिवाळीनंतर बाईंचं घर नाही. पोरी आपापल्या घरी, भांड्यांपुढे.

तात्यांनी ढिगाकडे पाहिलं. “आमचं नाव पुसलं? कावून पुसलं? कुणाची हिंमत झाली बे?”

“कराराची,” गुत्तेदार म्हणाला.

“गेला तुमचा करार चुलीत. आमचे दगड आमाला माघारी द्या. आत्ताच्या आत्ता. ट्रॉली आणलीय.”

“आमचेबी,” अप्पा हळूच म्हणाले.

लोक पुढे सरकले. मी काही बोलणार, तोच गुत्तेदाराने अदबीने गॉगल काढला. “न्या की तात्या. करारानं उतरला दगड गावाचा, पण करार चुलीत गेला म्हणता तर तुमचाच माल. वळखा अन् उचला.”

तात्या ताठ चालीने ढिगाकडे गेले. एका बाजूने पाहिलं. दुसऱ्या बाजूने पाहिलं. दगड काळे, घडीव, धुतलेले, एका आईची लेकरं. तात्यांनी ढिगाला एक फेरी घातली, दुसरी घातली. शेवटी त्यांना एक दगड दिसला, त्यावर अर्धं कमळ कोरलेलं. ते गरजले, “हे बघा! आमच्या दरवाजावरचं कमळ!”

अप्पा खोकले. “तात्या, ते आमच्या देवघराच्या कोनाड्याचं हाय.”

“तुमच्या देवघरात कमळ?”

“शंभू महादेवाला कमळ चालतं, तात्या.”

गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. “दोगंबी लबाड बोलता. ते कमळ माझ्या आज्यानं कोरलंय. दुसरा अर्धा माझ्या गोठ्यात हाय, बघा चला.”

गावाला हसू आवरेना. तात्याही हसले असते, पण त्यांनी मिशीखाली दाबलं आणि पुन्हा ट्रॉलीकडे हात केला. “वळखू येत न्हाई तर निम्मे भरा. निम्मे माझे, निम्मे अप्पाचे. बाकीच्यांनी आपलं बघावं.”

बाकीचे त्यावर चिडले, आणि दगडांऐवजी माणसं एकमेकांवर पडायची वेळ आली. तेव्हा बाईंनी हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यातले निम्मे त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेले होते.

“करारात एक कलम वाढवायचं आहे,” बाई म्हणाल्या. “अगं, लिहून घे.”

मी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवला.

“ज्या घराचा दगड या भिंतीत आहे, त्या घरची एक लेक नाहीतर सून या इमारतीत अभ्यासाला बसेल. दगडावर नाव नको. आत कोण बसलंय ते बघितलं की गावाला कळेल, भिंतीत कोणाचा दगड आहे.”

मग बाईंनी सावकाश, फळ्यावर उदाहरण मांडावं तसं पुढे सांगितलं. “आणि ज्या घरची कोणी आत नाही, त्या घराचा दगड भिंतीत नाही, असं गाव समजेल.”

हे कलम कोणासाठी होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तात्यांची सून बीएस्सी झालेली. लग्न झाल्यापासून तलाठ्याची परीक्षा द्यायची म्हणत होती. तात्यांचं म्हणणं, आमच्या घरची सून दुसऱ्याच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसणार नाही. अप्पांची धाकटी लेक दुकानाच्या गल्ल्यावर बसायची. हिशेबात इतकी तरबेज की अप्पा तिला एक दुपारसुद्धा सोडायला तयार नव्हते.

अप्पांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा व्यापारी माणूस, आधी हात घातला तर माल आपला हे त्यांना कळतं.

“आमची लेक येईल,” ते म्हणाले. नेहमीसारखं हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“अप्पाची येती?” तात्यांचा आवाज मारुतीच्या देवळावरून घुमून परत आला. “अप्पाची येती अन् आमची न्हाई व्हय? लिवा म्याडम! सून लिवा. आधी आमची सून लिवा, मग अप्पाची लेक.”

“कलमात क्रम नसतो, तात्या,” मी म्हटलं.

“मग मोठ्या अक्षरात लिवा.”

ट्रॉली रिकामी परत गेली. गुत्तेदाराने नवं कलम दोनदा वाचलं. मला विचारलं, “हे माझ्यावर लागू हाय का?” मी नाही म्हटलं, तर जरा हिरमुसला. “माझी बी पोरगी बारावीला हाय,” एवढं बोलून गवंड्यांवर ओरडायला निघून गेला.

त्यानंतर भिंती उठल्या त्या मी रोज जाऊन बघायचे. गरज नव्हती, पण बघायला छान वाटायचं. गवंडी दगड हातात घेऊन फिरवायचा, चांगला चेहरा बाहेर काढायचा आणि ठेवायचा. कमळाचा अर्धा दगड पूर्वेच्या दारावर बसला. म्हाताऱ्याने गोठ्यातला दुसरा अर्धा स्वतः आणून दिला, कारण त्याला अप्पा आणि तात्या दोघांनाही खोटं पाडायचं होतं. जोडून बघितलं तर पाकळ्या जुळल्या नाहीत. म्हातारा म्हणाला, “दगड फुगलाय.” आम्ही दोन्ही बसवले. कोणाचं तरी सागवानी लाकूड तासून आत लांब मेजं केली, त्यांवर जुन्या खिळ्यांची भोकं आहेत, पोरी त्यांत पेन उभं करतात.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पोरी बाईंच्या घरातून आपापल्या पिशव्या उचलून नव्या इमारतीत आल्या. नारळ फुटला, पेढे झाले, भाषण तात्यांनी केलं. ते संपत आलं तेव्हा त्यांची सून डोक्यावर पदर, हातात पुस्तकं घेऊन आली. दाराशी ती जरा घुटमळली. तात्यांनी भाषण मध्येच सोडलं.

“सूनबाई, खिडकीजवळ बसा. रस्त्याच्या खिडकीजवळ.” मग बाईंना समजावलं, “वारा असतो तिथं.”

अप्पांची लेक मारुतीच्या बाजूच्या खिडकीत बसली होती. तिथून अप्पांचं दुकान दिसतं आणि दुकानातून ती. गल्ल्यावर अप्पा आता स्वतः बसतात. मध्येच रस्ता ओलांडून खिडकीतून अमुक वस्तूचा भाव विचारून जातात. बाई त्यांना दोनदा रागावल्या, तिसऱ्यांदा त्यांनी सोडून दिलं.

बाईंना न्यायला मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा त्या आतच होत्या, कोणाला तरी काळ-काम-वेगाचं उदाहरण घालत. मुलगा बाहेर उभा राहिला, मीही राहिले. उदाहरण सुटल्यावर त्या आल्या, सामान पाहिलं, आणि दाराकडे वळून पोरींना म्हणाल्या, “दुपारी झोपाल तर फोनवरून कळेल मला.” मग गाडीत बसल्या. वळणापर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही, आणि मला ते बरं वाटलं, कारण मी रडत होते आणि मला रडताना पाहिलं की त्या खूप बोलतात.

पुढे अडचण वेगळीच झाली. ज्यांनी दगड दिला नव्हता त्यांच्या पोरीही यायला लागल्या, पण बाप संकोचायचे. फुकट कसं बसवायचं? परवा मी इमारत बघायला गेले होते, तेव्हा वस्तीवरचा एकजण मोटरसायकलवर आला. टाकीवर एक मोठा दगड दोन्ही गुडघ्यांत धरलेला, मागे पोरगी, तिच्या मांडीवर पुस्तकांची पिशवी. त्याने कसाबसा स्टँड लावला, दगड उतरवला, धापा टाकत उभा राहिला.

तात्यांची सून खिडकीतून म्हणाली, “काका, दगड नको आता. भिंती झाल्या. हिला आत पाठवा.”

“तसं कसं?” तो म्हणाला. “दगडाबिगर पोरगी बसवली म्हणून लोकं काय म्हणतील? कुठंबी लावा. ओढ्यातला हाय, पण चांगला हाय.”

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी दगडाकडे पाहिलं. ओढ्यातला गोल गोटा, भिंतीच्या काही कामाचा नव्हता.

“दाराशी ठेवा,” मी म्हटलं. “दर्शनी बाजूला.”

त्याने तो दोन्ही हातांनी दाराच्या उजव्या अंगाला नीट बसवला, हलतो का ते पायाने बघितलं, आणि पोरगी कमळाखालून आत गेली.